रिलेच्या कॉइलवर कोणता डायोड लावावा: १एन४१४८, १एन४००७ की सोबत झेनरही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ईएसपी३२ या वायफायवाल्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनवरून बीसी५४७ ट्रान्झिस्टर चालवायचा, त्यावर १२ व्होल्टचा निळ्या चौकोनी डबीतला साधा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच), आणि त्या रिलेच्या काँटॅक्टवरून, म्हणजे आतल्या स्विचवरून, शेतातल्या पंपाच्या कॉन्टॅक्टरची (पंपाचा जड करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या रिलेची) २३० व्होल्ट एसी कॉइल. रिलेच्या कॉइलला समांतर डायोड लागतो हे प्रश्नकर्त्याला ठाऊक आहे. पण दुकानदार १एन४००७ हातात ठेवतो, एका सर्किटमध्ये १एन४१४८ दिसतो, कुणी ‘फास्ट रिकव्हरीच घ्या’ (म्हणजे चटकन बंद होणारा डायोड) म्हणतं, तर कुणी झेनरशिवाय (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही वाट देणाऱ्या डायोडशिवाय) काम अर्धवट आहे असं सांगतं. त्यातच १एन४००७ लावूनही बोर्ड मधूनच रीसेट होतो.

आधी सरळ उत्तर. या बोर्डावर १एन४००७ लावा. १एन४१४८ लावला असता तरी चाललं असतं. आणि रीसेटचा या डायोडशी बहुतेक काहीच संबंध नाही, ते दुखणं रिलेच्या दुसऱ्या बाजूला आहे. आता कारणं पाहू, कारण पुढच्या वेळी रिले वेगळा असेल आणि तेव्हा हेच उत्तर लागू पडेल असं नाही.

कॉइलमधून वाहणारा करंट एका क्षणात थांबू शकत नाही. लांब पाइपलाइनचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की पाणी धडक देऊन पाइप हादरवतं, तसंच इथे होतं. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइल आपला करंट त्याच दिशेने ढकलत राहते आणि त्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज स्वतः तयार करते. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइलसुद्धा काही शे व्होल्टपर्यंत उसळी घेऊ शकते. बीसी५४७ची हमी ४५ व्होल्टची. मग कॉइल त्याला त्याच्या सहनशक्तीपलीकडे नेऊन त्याच्यातूनच वाट काढते. पहिल्याच झटक्यात तो जळेल असं नाही, आणि खरी फसगत तिथेच होते. डायोड न लावलेला बोर्ड टेबलावर आठवडाभर सुरळीत चालतो, ‘डायोडशिवायही चालतंय की’ असं वाटतं, आणि शेतात बसवल्यावर महिन्याभराने ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन रिले कायमचा ओढलेला राहतो. पंप बंद होत नाही. असा दोष धोक्याचा आहे.

डायोड लावला की त्या करंटला कॉइलमध्येच गोल फिरायला वाट मिळते. कलेक्टरवरचं, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या कॉइलकडच्या पायावरचं, व्होल्टेज सप्लायच्या फक्त ०.७ व्होल्ट वर जातं, म्हणजे १२.७. बस.

निवड करताना डेटाशीटमधले दोनच आकडे बघायचे असतात.

पहिला आकडा करंटचा. ट्रान्झिस्टर बंद होताना कॉइलमधून जेवढा करंट वाहत होता तेवढाच डायोडमधून सुरू होतो आणि तिथून उतरत जातो. त्याहून जास्त कधीच होत नाही. या निळ्या रिलेची १२ व्होल्टची कॉइल साधारण ४०० ओहमची असते, म्हणजे करंट ३० मिलिअँपिअर. त्याच डबीतला ५ व्होल्टचा रिले सुमारे ७० ओहमचा, करंट ७० मिलिअँपिअरच्या आसपास. १एन४१४८ची सलग करंटची मर्यादा कंपनीनुसार १५० ते ३०० मिलिअँपिअर, म्हणजे दोन्ही रिलेंना तो पुरतो. गाडीत बसणाऱ्या चार-पाच पायांच्या रिलेची कॉइल ८५-९० ओहमची असते आणि करंट १४० मिलिअँपिअरच्या पुढे जातो. तिथे १एन४१४८ काठावर येतो, तिथे १एन४००७च लावावा, त्याची सलग मर्यादा १ अँपिअर आहे. मोठ्या डीसी कॉन्टॅक्टरला किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्हला कॉइलचा करंट १ अँपिअरच्या जवळ जात असेल तर ३ अँपिअरचा १एन५४०० मालिकेतला डायोड घ्या.

दुसरा आकडा उलट व्होल्टेजचा, आणि इथे गैरसमज फार आहे. ‘स्पाइक शेकडो व्होल्टचा असतो, म्हणून १००० व्होल्टचा डायोड हवा’ असं ठामपणे सांगितलं जातं. डायोड लावल्यावर तो स्पाइक जन्मालाच येत नाही. डायोडला उलट दिशेने सोसायचा असतो तो फक्त सप्लाय, तोही रिले चालू असतानाचा. १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये १२ व्होल्ट, २४च्या सर्किटमध्ये २४. म्हणून ५० व्होल्टचा १एन४००१ इथे तितकाच चांगला आणि ७५ व्होल्ट सलग सोसणारा १एन४१४८ही तितकाच चांगला. मग १००० व्होल्टचाच १एन४००७ का घ्यायचा? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, तोच डबे भरून मिळतो, किंमत तीच, आणि एकच नंबर जवळ ठेवला की सगळीकडे चालतो. कारण एवढंच आहे. पृष्ठभागावर चिकटवायच्या छोट्या पार्टमध्ये त्याचाच अवतार ‘एम७’ छापलेला मिळतो.

मात्र सप्लाय किती हे ट्रान्सफॉर्मरच्या लेबलवरून ठरवू नका. १२ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर असा सप्लाय असेल तर रिकाम्या अवस्थेत १६-१७ व्होल्ट सहज दिसतात. गावाकडच्या फीडरवर रात्री लोड उतरला आणि २३०चे २६०-२७० झाले की तिथे १९-२० व्होल्टही मिळतात. डायोडला त्याने काही होत नाही, पण पुढे झेनरचा हिशेब करताना हा २०चा आकडा लागणार आहे.

‘फास्ट रिकव्हरी’बद्दल. १एन४००७ हळू आहे हे खरं, पण तो हळू असतो बंद होताना. सरळ दिशेने चालू व्हायला त्याला अगदी नगण्य वेळ लागतो, आणि रिलेची उसळी पकडायला लागतं ते चालू होणंच. बंद व्हायला लागणारा वेळ कधी आडवा येतो? डायोडमधून करंट अजून फिरत असतानाच ट्रान्झिस्टर पुन्हा चालू झाला तर. तेव्हा डायोड क्षणभर दोन्ही दिशांनी करंट जाऊ देतो आणि सप्लाय ट्रान्झिस्टरमधून जवळपास शॉर्ट होतो. मिनिटाला एकदा किंवा सेकंदाला एकदा टिकटिक करणाऱ्या रिलेत हा प्रसंगच येत नाही, तोवर कॉइल रिकामी होऊन बसलेली असते. पण करंट वाचवायला रिले ओढून झाल्यावर कॉइल पीडब्ल्यूएमने (वेगाने चालू-बंद करत) धरून ठेवत असाल, समजा २० किलोहर्ट्झवर, तर सेकंदाला २० हजार वेळा हेच होतं. ट्रान्झिस्टर आणि डायोड दोन्ही तापतात, सप्लायवर काटे दिसतात. तिथे यूएफ४००७ लावा, किंवा १२ व्होल्टला १एन५८१९ शॉटकी (स्वतःवर कमी व्होल्टेज पडणारा वेगवान डायोड). हा शॉटकी ४० व्होल्टचाच आहे, २४ व्होल्टच्या वाहनात तो वापरू नका, तिथे ६० व्होल्टचा एसबी१६० बरा. साध्या चालू-बंद रिलेला मात्र शॉटकीचा फायदा काही नाही. उलट त्यावर व्होल्टेज कमी पडत असल्यामुळे कॉइल जराशी आणखी उशिरा रिकामी होते.

जोडणीत दिशा एकदा नीट बघून घ्या. डायोडवरची रेघ सप्लायच्या धनाकडे, दुसरं टोक कलेक्टरकडे. उलटा लावला तर ट्रान्झिस्टर चालू होताक्षणी सप्लाय, डायोड आणि ट्रान्झिस्टर असा शॉर्ट तयार होतो. रिले ‘टिक’ करत नाही, बीसी५४७ गरम होतो आणि उडतो. अशा वेळी फक्त ट्रान्झिस्टर बदलून डायोड तसाच ठेवण्याची चूक हमखास होते. दोन्ही बदला. १एन४१४८ काचेचा असतो. त्याचे पाय अगदी काचेला लागून वाकवले तर काचेला बारीक तडा जातो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि काही महिन्यांनी डायोड आतून तुटतो. पाय किमान ३ मिलिमीटर सोडून, पकडीने धरून वाकवा.

डायोड कुठे बसवायचा? रिले बोर्डावरच असेल तर कॉइलच्या दोन पायांना जितका जवळ तितका उत्तम. रिले दूर पॅनेलमध्ये आणि मधे १०-१५ मीटर वायर असेल तर पहिला हक्क कॉइलचा. डायोड ए१-ए२ (कॉइलच्या दोन) टर्मिनलवरच बसवा, म्हणजे फिरणारा करंट वायरींमधून धावत नाही आणि शेजारच्या सेन्सरच्या वायरींना त्रास देत नाही. ड्रायव्हर बोर्डावरही एक दुसरा डायोड असू द्या. दोन डायोड एकमेकांना समांतर आले म्हणून काही बिघडत नाही, आणि कुणी डायोड नसलेला नवा रिले सॉकेटमध्ये घातला तरी ट्रान्झिस्टर वाचतो. आतच डायोड असलेले रिलेही मिळतात. त्यांच्या कॉइलला धन-ऋण असतं, ते उलटं जोडलं तर वरच्यासारखाच शॉर्ट होतो.

आता खरा विचार करण्यासारखी गोष्ट. डायोड ट्रान्झिस्टरला वाचवतो, पण रिलेला आळशी करतो. करंटला आरामात फिरायला वाट मिळाली की तो आरामातच उतरतो, आणि तो उतरेपर्यंत आर्मेचर (चुंबकाने ओढलेली लोखंडी पट्टी) सुटत नाही. रिले बनवणाऱ्यांनी १२ व्होल्टच्या एका वाहन-रिलेवर केलेली मोजणी बोलकी आहे: कॉइलवर काहीच न लावता रिले १.५ मिलिसेकंदांत सुटतो, नुसता डायोड लावल्यावर ९.८, आणि डायोडसोबत २४ व्होल्टचा झेनर लावल्यावर १.९.

उशीर एवढ्यावरच थांबला असता तर ८ मिलिसेकंदांचं कुणी मनावर घेतलं नसतं. अडचण अशी की चुंबकाची पकड हळूहळू ढिली होते तेव्हा आर्मेचर सावकाश सरकतं आणि काँटॅक्टही सावकाश उघडतात. काँटॅक्ट सावकाश उघडले की मधला ठिणगीचा जाळ जास्त वेळ टिकतो, धातू वितळतो, आणि थोडेसे चिकटलेले काँटॅक्ट ओढून सोडवायला लागणारा हिसका मिळत नाही. २३० व्होल्ट एसीचा छोटा लोड असेल तर दर १० मिलिसेकंदांनी करंट शून्यावर येतो आणि जाळ आपोआप विझतो, म्हणून नुसता डायोड चालून जातो. पण काँटॅक्टवर बॅटरी, सोलर पंपाची डीसी लाइन, गाडीचा हॉर्न किंवा डीसी मोटर असेल तर शून्यावर येणारा क्षणच नसतो. अशा ठिकाणी ‘रिले चांगल्या कंपनीचा घेतला तरी सहा महिन्यांत चिकटतो’ ही तक्रार असेल तर आधी कॉइलवरचा नुसता डायोड बघा.

हिशेब करून दाखवतो. समजा कॉइल ४०० ओहम आणि इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) ०.८ हेन्री. इंडक्टन्स भागिले ओहम म्हणजे २ मिलिसेकंद, करंट किती वेगाने उतरतो त्याचं हे माप. रिले ३ व्होल्टच्या आसपास सुटतो असं धरू. नुसत्या डायोडने करंट त्या पातळीवर यायला सुमारे २.५ मिलिसेकंद लागतात. डायोड आणि १५ व्होल्टचा झेनर असेल तर ०.८. २४ व्होल्टच्या झेनरने ०.५५. हा फक्त करंट उतरण्याचा वेळ झाला, आर्मेचर सरकायला वर आणखी वेळ लागतो. पण एक गोष्ट यातून स्पष्ट दिसते: १५ व्होल्टच्या झेनरवरच बहुतेक फायदा पदरात पडतो, २४ने थोडीच भर पडते.

म्हणून झेनर निवडताना हाव नको. ट्रान्झिस्टरवर येणारं व्होल्टेज म्हणजे सप्लाय अधिक झेनर अधिक ०.७. मघाचा २० व्होल्टचा सप्लाय धरा. २४चा झेनर लावला तर ४४.७, आणि बीसी५४७ ४५चा. झेनरमध्ये ५ टक्क्यांचा फरक तर असतोच, म्हणजे मर्यादा ओलांडली. १५चा लावला तर ३५.७, निश्चिंत. १ वॉटमध्ये १५ व्होल्टला १एन४७४४ए आणि २४ला १एन४७४९ए हे नंबर मिळतात. वॉटची काळजी इथे नको: अशा कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलच्या आतली असते, सेकंदाला दहा वेळा रिले सोडला तरी झेनर कोमटही होत नाही. मोठ्या डीसी कॉन्टॅक्टरला मात्र पी६केई मालिकेतला टीव्हीएस (उसळी दाबण्यासाठीचा) डायोड योग्य.

जोडणी अशी: डायोडची रेघ धनाकडे, झेनरची रेघ कलेक्टरकडे, आणि दोघांची बिनरेघेची टोकं एकमेकांना. झेनर चुकून उलटा बसला तर काही जळत नाही, सर्किट चालतं, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. तो तेव्हा साध्या डायोडसारखा वागतो आणि रिले पूर्वीइतकाच आळशी राहतो. डायोड गाळून एकटा झेनर लावला तर मात्र तो चालू कॉइलला समांतर सरळ दिशेने येतो आणि सप्लाय शॉर्ट करतो.

आणखी एका ठिकाणी उशीर महागात पडतो. मोटर पुढे-मागे फिरवणाऱ्या दोन कॉन्टॅक्टरच्या कॉइल २४ व्होल्ट डीसीच्या असतील आणि त्यांवर नुसते डायोड असतील तर सुटण्याचा वेळ सहा ते दहा पटही वाढू शकतो. प्रोग्रॅममध्ये ‘एक बंद, लगेच दुसरा चालू’ असं लिहिलेलं असेल तर पहिला सुटायच्या आत दुसरा बसतो आणि दोन फेज भिडतात. अशा पॅनेलमध्ये झेनर किंवा व्हॅरिस्टर (व्होल्टेज चढलं की वाट देणारा पार्ट) वापरा, प्रोग्रॅममध्ये थांबा ठेवा, आणि सहायक काँटॅक्टचं इंटरलॉक (एक बसलेला असताना दुसऱ्याला बसू न देणारी जोडणी) तर कधीच काढू नका.

गाड्यांच्या काही रिलेत डायोडऐवजी आत रेझिस्टर असतो, १२ व्होल्टला साधारण ६८० ओहमचा. त्याला दिशा नसते, म्हणून मेकॅनिकने कॉइलचे ८५ आणि ८६ नंबरचे पाय उलटसुलट जोडले तरी चालतं. पण उसळी मोठी राहते: १४० मिलिअँपिअर गुणिले ६८० ओहम, म्हणजे ९५ व्होल्ट, वर सप्लाय. स्विचने चालवायला ठीक, ४५ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरने चालवायला नाही.

चार-सहा रिले एकदम चालवायचे असतील तर यूएलएन२००३ हा ड्रायव्हर आयसी सोपा पडतो, डायोड त्याच्या आतच आहेत. पण ते कामाला लागतात ते ९ नंबरचा कॉमन पाय जोडला तरच. तो मोकळा सोडला तर डायोड असून नसल्यासारखे. आणि तो पाय रिलेच्या सप्लायला जोडायचा, बोर्डाच्या ५ व्होल्टला नाही. ही दुसरी चूक फार चकवते. १२ व्होल्टच्या रिलेसाठी कॉमन पाय ५ व्होल्टला जोडला तर चॅनेल बंद असतानाही १२ व्होल्टकडून कॉइल, आतला डायोड आणि ५ व्होल्टची लाइन असा करंट वाहत राहतो. कॉइलवर ६.३ व्होल्ट आणि सुमारे १६ मिलिअँपिअर. एवढ्यात सुटलेला रिले ओढला जात नाही, पण एकदा ओढलेला सुटतही नाही. माणूस प्रोग्रॅम तपासत बसतो, रिले बदलतो, आणि चूक एका वायरची असते. शिवाय त्या वाटेने येणारा करंट ५ व्होल्टची लाइन वर ढकलतो, त्यात कंट्रोलर जाण्याची भीती.

ट्रान्झिस्टरच्या बेसचंही (ईएसपी३२च्या पिनकडच्या पायाचंही) इथेच बघून घ्या, कारण अर्धवट चालू झालेला ट्रान्झिस्टर तापून मरतो आणि आळ डायोडवर येतो. ३.३ व्होल्टच्या पिनवरून १ किलोओहमने बेसला २.६ मिलिअँपिअर मिळतात. १२ व्होल्टच्या रिलेच्या ३० मिलिअँपिअरला ते पुरेसे आहेत. ५ व्होल्टच्या रिलेला तोच बीसी५४७ ठेवू नका, बीसी३३७ घ्या आणि बेसला ४७० ओहम. बेस ते एमिटर १० किलोओहम लावला की बूट होताना पिन तरंगत असली तरी पंप आपोआप चालू होत नाही.

आता रीसेट. रिलेच्या काँटॅक्टवर कॉन्टॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल आहे, आणि तीही कॉइलच. काँटॅक्ट उघडताना तिथे तीच उसळी येते, फक्त कितीतरी मोठी, आणि ती ठिणगीच्या रूपाने आजूबाजूच्या प्रत्येक वायरीत आवाज पेरते. १२ व्होल्टच्या बाजूचा डायोड तिथे काहीही करू शकत नाही.

खात्री करायची तर काँटॅक्टच्या दोन्ही वायरी काढा आणि प्रोग्रॅमने रिले दीड-दोनशे वेळा चालू-बंद करा. रीसेट झाला नाही तर दोष लोडच्या बाजूचा. मोकळ्या काँटॅक्टनेही होत असेल तर कधी होतो ते बघा. रिले ओढताना होत असेल तर सप्लाय बसतोय: वायफाय चालू असताना ईएसपी३२ क्षणभर काही शे मिलिअँपिअर ओढतो, त्यात रिलेची भर. बोर्डाच्या जवळ ४७० मायक्रोफॅरड लावा आणि रिलेचा ग्राउंड सप्लायपर्यंत वेगळ्या जाड ट्रॅकने न्या. सुटताना होत असेल तर डायोडच तुटलेला किंवा सोल्डर सुटलेला असण्याची शक्यता जास्त.

दोष लोडच्या बाजूचा निघाला तर कॉन्टॅक्टरच्या ए१-ए२ला समांतर स्नबर लावा: १०० ओहम, अर्धा वॉट, आणि त्याच्या मालिकेत ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ जातीचा कपॅसिटर, २७५ व्होल्ट एसीचा. साधा पिवळा पॉलिस्टर ४०० व्होल्टचा लावू नका, तो २३० एसीवर काही महिन्यांत फुगतो किंवा शॉर्ट होतो, आणि आगीचं कारण ठरू शकतो. स्नबर काँटॅक्टला समांतर लावला तरी ठिणगी मरते, पण मग काँटॅक्ट उघडा असतानाही त्यातून ७ मिलिअँपिअर झिरपत राहतात. कॉन्टॅक्टर तेवढ्याने अडकून राहत नाही, पण लोड एलईडी दिव्याचा असेल तर तो बंद असूनही मंद पेटतो किंवा लुकलुकतो. सोबत एमओव्ही (म्हणजे व्हॅरिस्टरच) लावायचा तर २७५ व्होल्टचा १४डी४३१ पुस्तकात बरोबर आहे. रात्री चढणाऱ्या व्होल्टेजचा विचार करता शेतातल्या पॅनेलला ३०० व्होल्टचा १४डी४७१ जास्त दिवस टिकेल.

एक इशारा. थ्री-फेज पंपाच्या अनेक स्टार्टरमध्ये कॉइल दोन फेजमध्ये, ४१५ व्होल्टची असते. निळ्या रिलेचे काँटॅक्ट २५० व्होल्टपर्यंतचे आहेत. कॉइलचं लेबल वाचल्याशिवाय ते जोडू नका. ४१५ असेल तर कॉइल २४० व्होल्टची बदलून घ्या. आणि कोणत्याही एसी कॉइलवर डायोड लावायचा नाही. एकाआड एक अर्ध्या लाटेला तो शॉर्ट होईल.

शेवटी, बोर्डावर बसलेला डायोड चांगला आहे का हे मीटरने बघताना होणारी एक गल्लत. डायोड मोडमध्ये मीटर साधारण १ मिलिअँपिअर सोडतो. ४०० ओहमची कॉइल समांतर असल्यामुळे डायोड असो, नसो वा तुटलेला असो, दोन्ही दिशांना ०.४ च्या आसपासच आकडा येतो. ५ व्होल्टच्या ७० ओहमच्या कॉइलवर ०.०७ येतो आणि काही मीटर बीपही देतात, मग ‘डायोड शॉर्ट’ म्हणून चांगला डायोड काढला जातो. एक पाय उचलून मोजा. एका दिशेने १एन४००७ ०.५ ते ०.६ दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही.

ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर पाय उचलायचीही गरज नाही. प्रोब १० पटीवर, कलेक्टरवर, एका भागाला ५ व्होल्ट आणि १ मिलिसेकंद, ट्रिगर चढत्या कडेवर एकदाच. रिले सोडला की रेषा शून्यावरून १२.७ वर जाते, काही मिलिसेकंद तिथे सपाट राहते आणि मग ०.७ व्होल्टची पायरी उतरून १२ वर स्थिरावते. ती सपाट जागा म्हणजे डायोडमधून करंट फिरतोय. करंट मोजायला कॉइलच्या मालिकेत, डायोडच्या वळशाच्या आत १० ओहम टाकले तर उतरत्या वक्रात मध्येच एक लहानसा उंचवटा दिसतो. आर्मेचर सुटून दूर जातं तेव्हाचा तो क्षण. १५चा झेनर लावून पुन्हा बघा: सपाट जागा २७.७ वर गेलेली आणि कितीतरी आखूड झालेली दिसेल. तिथे २७.७ ऐवजी १३.४ दिसले तर झेनर उलटा बसला आहे.